नवरात्र ते भाऊबीज: दोन नोकऱ्या, दोन पोरं, चार दिवसांआड पाणी (सोलापूर)

कडाकणी | 14 सप्टेंबर 2025, रात्री 11:47

नळाची वाट बघत बसलेय, म्हणून लिहायला सवड मिळाली. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं, तेही असं अपरात्री. उजनी 117 टीएमसीचं धरण, यंदा भरून वाहिलं, आणि मी इथे पायरीवर बसून पाइपातली हवा ऐकतेय. असो, त्यासाठी वेगळा धागा आहे.

घरात मी, नवरा, सासूबाई, थोरली तिसरीत, धाकटा अडीच वर्षांचा. राहायला जुळे सोलापूर. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. साडेनऊ ते साडेसहा असं कागदावर आहे.

आता पुढचे सहा आठवडे बघा. 22 ला घट बसतात. यंदा तृतीया दोन दिवस, म्हणून माळा नऊऐवजी दहा. 30 सप्टेंबरला माझं सहामाही क्लोजिंग, म्हणजे ऐन अष्टमीला. दसरा 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीही त्याच दिवशी, एक सुट्टी बुडाली. 6 ला कोजागरी. 7 पासून थोरलीची सत्र परीक्षा. नवऱ्याकडे धनत्रयोदशीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, कंपन्यांच्या दिवाळी भेटीचे नॅपकिनचे बॉक्स सगळे याच दिवसांत निघतात. 20 ला पहिली आंघोळ. 23 ला भाऊबीज, भाऊ पुण्यात. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि त्या दिवशी धाकट्याला ताप होता.

खरा पेच कोजागरीचा आहे. सासूबाई गेली एकोणीस वर्षं कोजागरीला तुळजापूरला चालत जातात. यंदा गुडघ्यांनी हात टेकले, डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्या तोंडाने काही म्हणत नाहीत. परवा फक्त एवढंच म्हणाल्या, "विसावं होतं."

तर, यातलं काय सोडलं तर चालेल? "सगळं होतं गं, ठरवलं की होतं" म्हणणाऱ्यांनी आपला पत्ता द्यावा, मी पोरं पाठवून देते.

पाणी आलं. जाते.

चिवडासम्राट | 15 सप्टेंबर, सकाळी 8:10

फराळ सोडा. विकत आणा. विषय संपला.

बाळीवेसकर | 15 सप्टेंबर, सकाळी 9:32

विषय असा संपत नाही हो सम्राट. विकतच्या चकलीत भाजणी कमी आणि मैदा जास्त असतो.

कडाकणी, एक विचारतो, राग मानू नका. नवरोबा या यादीत फक्त डिस्पॅचपुरतेच दिसले.

कडाकणी | 15 सप्टेंबर, दुपारी 1:20

काका, राग नाही. तो घरी असतो तेव्हा सगळं करतो. घरी असतो कधी, हा प्रश्न आहे.

चकली_तुटली | 15 सप्टेंबर, दुपारी 2:05

"घरी असतो तेव्हा सगळं करतो." हे वाक्य मी अकरा वर्षं बोलले आहे. नंतर एकदा कॅलेंडरवर खुणा करून बघितल्या. तू पण कर.

पूर्वभाग | 15 सप्टेंबर, रात्री 10:40

कडाकणी अक्का, आमचं तुमच्या एक दिवस आधीच सुरू होतं. पितृ अमावस्येपासून बतुकम्मा, आम्हा तेलुगू बायकांचा फुलांचा सण, म्हणजे 21 ला. शेवटची मोठी सद्दुला 30 ला. तुमचं क्लोजिंग त्याच दिवशी ना? माझंपण, मी पतसंस्थेत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तरवडाची पिवळी फुलं, कुर्डू, झेंडू असं ताटात गोल गोल रचत उंच शिखर करायचं. तरवड शहरात मिळत नाही, माळावर जाऊन तोडून आणावा लागतो. रचायला तीन तास आणि पाण्यात सोडायला तीन मिनिटं. पण आमच्या बोळात एक सोय लागली आहे. संध्याकाळी पाच ते आठ सगळ्यांची पोरं एकाच घरात. रोज घर बदलतं. त्या दिवशी त्या घरातली बाई स्वयंपाक करत नाही, बाकीच्या डबा आणतात. सहा घरं, सहा दिवसांनी एकदा पाळी. एक संध्याकाळ मरते, पाच सुटतात.

तुमच्या अपार्टमेंटमध्ये जमेल का बघा. आमच्याकडे माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आहे. तेव्हा हातमाग घरातच होते, बायकापण कांड्या भरायच्या, मग पोरांना कुठेतरी ठेवावंच लागायचं.

खडूस_मास्तर | 16 सप्टेंबर, सकाळी 7:15

शिक्षक आहे म्हणून बोलतो. तिसरीच्या सत्र परीक्षेसाठी आईने रजा टाकू नये. त्या वयाच्या मुलीला पाढे येतात का आणि धडा वाचून काय कळलं ते सांगता येतं का, एवढं बघा. बाकी पेपर पालकांसाठी असतो. तुमच्या यादीतून 7 तारीख खोडा.

कडाकणी | 16 सप्टेंबर, सकाळी 7:40

सर, हे आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर येऊन सांगाल का? तिथे काल "परिसर अभ्यासाचे संभाव्य प्रश्न" म्हणून चौदा पानं आली. शिवाय नवरात्रात रोज त्या त्या रंगाचे कपडे. शनिवारी राखाडी. तिसरीतल्या पोरीचा राखाडी फ्रॉक कुठे मिळतो ते सांगा.

चिवडासम्राट | 16 सप्टेंबर, सकाळी 7:52

नवी पेठ. नाहीतर पांढरा घ्या आणि दोनदा सोलापूरच्या धुळीत वाळवा.

डेट्रॉईटची_भाकरी | 18 सप्टेंबर, सकाळी 6:03

धागा वाचून डोळे भरून आले. कोजागरीला आम्ही पोरं चालत जायचो. अंगात स्वेटर, खिशात शेंगाची पोळी, रस्त्यावर कुठे चहा, कुठे केळी, कुणीतरी पायाला तेल लावून देणारं. पंचेचाळीस किलोमीटर कसे सरायचे कळायचं नाही. घरी आलो की आटवलेलं दूध. पहिल्या आंघोळीला बंबाचं कढत पाणी. इकडे सगळं आहे, ते नाही. कडाकणीताई, काही सोडू नका. मुलांना हेच आठवणार आहे.

चकली_तुटली | 18 सप्टेंबर, सकाळी 9:15

तुम्ही चालायला गेला होता तेव्हा घरी पाणी कोण भरत होतं?

डेट्रॉईटची_भाकरी | 18 सप्टेंबर, रात्री 8:44

आई.

बाळीवेसकर | 18 सप्टेंबर, रात्री 9:30

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो.)

चालण्याबद्दल थोडं, कारण तरुण मंडळींना त्यामागचं ठाऊक नसतं. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर निजवतात. ती श्रमनिद्रा, युद्धाचा शीण घालवायला. पालखी बुऱ्हाणनगरहून येते. आश्विन पौर्णिमेला देवी पुन्हा सिंहासनावर येते, तिचं ते पहिलं दर्शन घ्यायला लोक चालतात. म्हणजे बघा, नवरात्रात लढली, मग निजली. देवीला पाच दिवस विश्रांती आहे. घरच्या बायकांना कुठे आहे ते मला माहीत नाही.

कडाकणी | 23 सप्टेंबर, रात्री 11:20

थोडं लिहिते, डोळे मिटताहेत.

घट बसले. शेतातली काळी माती मोहोळच्या मामांकडून यायची, ती आली नाही, तिकडे सीनेला पाणी चढलंय. शेवटी कुंडीतली माती चाळून घेतली. धाकट्याला घटाला पाणी घालायचं काम दिलं आणि चुकलं, तो दिवसातून सहा वेळा घालतो. चार दिवसांआडचं पाणी आणि हा पठ्ठ्या देवघरात पूर आणतोय. सासूबाई म्हणतात राहू दे, यंदा पाऊसच तसा आहे.

पूर्वभाग, पोरांची पाळी सुरू केली. चार घरं तयार झाली. पहिला दिवस माझा होता. सात पोरं. एकाने लॅपटॉपच्या कळा उपटल्या. म्यूट काढून मीटिंगमध्ये कोण ओरडलं हे मॅनेजरने अजून विचारलं नाही.

ज्वारी_मालदांडी | 26 सप्टेंबर, सायंकाळी 6:18

मोहोळ तालुक्यातून लिहितोय. काल लाइट आली. सीना आमच्या वस्तीच्या पायरीपर्यंत होती. सोयाबीन गेलं, कांद्याचं रोप गेलं, शेतात नुसता गाळ. रब्बीच्या ज्वारीला वाफसा कधी येईल देव जाणे. जनावरं वाचली, माणसं वाचली.

तुमचा धागा वाचून वेळ गेला. राखाडी फ्रॉक मिळाला का?

कडाकणी | 26 सप्टेंबर, सायंकाळी 6:50

मिळाला नाही दादा. उद्या ती शाळेचा जुना स्वेटर घालून जाणार आहे.

तुम्हाला काय लागेल ते इथे लिहा. नवऱ्याच्या कारखान्यात सेकंड्सचे टॉवेल आणि चादरी असतात, शिलाईत किंवा काठात चूक झालेले. चार जण मिळून ते घेताहेत, तुमच्या बाजूला टेम्पो जाणार आहे म्हणे.

ज्वारी_मालदांडी | 26 सप्टेंबर, रात्री 8:05

पांघरूण चालेल. त्यापेक्षा जनावरांना कडबा कुणाकडे असेल तर सांगा. कडबा सगळा भिजला.

बाळीवेसकर | 26 सप्टेंबर, रात्री 8:31

दक्षिण सोलापुरात माझ्या व्याह्यांकडे आहे. व्यक्तिगत निरोप करतो.

कडाकणी | 3 ऑक्टोबर, रात्री 10:15

दसरा झाला. आता सविस्तर.

30 तारीख कशी गेली ते विचारू नका. एका मांडीवर लॅपटॉप, शेजारी कडाकण्यांचं पीठ. (आयडी का ते आज कळलं असेल. गुळाच्या पाण्यात रवा-कणीक मळायची, पातळ लाटून कडक तळायची, मग दोऱ्यात ओवून घटावर फुलोरा.) मी लाटते, सासूबाई बसून तळतात, थोरली भोकं पाडते. फुलोरा टांगेपर्यंत धाकट्याने खालच्या दोन खाल्ल्या होत्या. आमच्या देवीला यंदा एका बाजूने कमी कडाकण्या.

घट मात्र दाट उगवला, वीतभर. मागच्या कोपऱ्यात थोडी बुरशी आहे, तो कोपरा भिंतीकडे वळवला.

खंडेनवमीला पोरांना घेऊन कारखान्यात गेलो. रेपियर मागांना झेंडूच्या माळा, जमिनीवर फोडलेले कोहळे, आणि सगळं बंद. मी लग्नानंतर पहिल्यांदाच तिथे शांतता ऐकली. एरवी नवरा घरी मोठ्याने का बोलतो ते कळलं. थोरलीने विचारलं, बाबा तू इथे काय करतोस? तो म्हणाला, "मोजतो."

आता मुद्दा. चकली_तुटली, तुझं ऐकून कॅलेंडरवर खुणा केल्या. सासूबाईंनी बघितल्या. काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मुलाला म्हणाल्या, "उद्यापासून नळ तुझा." तो म्हणाला मी दमून येतो. त्या म्हणाल्या, "ती काय झोपून उठते?" मी ताटात बघत राहिले.

उद्या 4 तारीख, पाण्याचा दिवस. आणि रविवारी संध्याकाळी तुळजापूरला चालायला मी जातेय. मला कुणी सांगितलं नाही. मलाच जायचंय. परीक्षेची तयारी बाप घेणार. मास्तर, पाढे येतात, धडाही सांगता येतो.

खडूस_मास्तर | 4 ऑक्टोबर, सकाळी 6:50

मग झालं तर. नवे बूट घालून जाऊ नका, जुनीच चप्पल बरी.

पूर्वभाग | 4 ऑक्टोबर, सकाळी 10:12

अक्का, मीपण येते. रूपाभवानीच्या देवळापाशी सहाला भेटू. निळा पंजाबी ड्रेस, पाठीला पिवळी पिशवी.

कडाकणी | 5 ऑक्टोबर, दुपारी 12:30

काल रात्रीचा अहवाल. नवऱ्याने मोटर लावली आणि "पाचच मिनिटं" म्हणून सोफ्यावर टेकला. पहाटे साडेतीनला खालच्या मजल्यावरच्या मावशींनी दार वाजवलं. टाकी भरून जिन्यावरून धबधबा. थोरली म्हणाली, सीना आली.

मी उठले नाही. पडून राहिले. इतकं छान वाटलं की त्याचीच लाज वाटली.

चकली_तुटली | 5 ऑक्टोबर, दुपारी 12:41

लाज सोड. यादीतून पहिलं तेच सोड.

कडाकणी | 7 ऑक्टोबर, रात्री 9:25

पाय खाली टेकवत नाहीत, म्हणून पडून लिहितेय.

पूर्वभाग भेटली. दोन वर्षं इथे बोलतोय, तोंड पहिल्यांदा बघितलं. माणसांची नदी होती नुसती. म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, एकजण कवड्यांची माळ घालून अनवाणी. मध्येच "आई राजा उदो उदो", की सगळ्यांची पावलं झपाझपा. उळ्यापर्यंत मी नुसती बोलत होते. ऑफिस, सासर, पोरं, सगळं बोलून झालं, मग गप्प झालो. ते गप्प चालणं फार आवडलं. दोन तास मला कुणीही हाक मारली नाही.

तामलवाडीच्या अलीकडे डाव्या टाचेला फोड फुटला. रात्रीचा एक. एका मंडपात बसले, एका आजीने हळद लावली. पूर्वभाग थांबत होती, तिला जबरदस्तीने पुढे पाठवलं. नवऱ्याला फोन केला. मोठ्या रस्त्याला गाड्या सोडत नव्हते, तर तो बाइक घेऊन खेड्याखेड्यांतून विचारत विचारत पहाटे तीनला पोचला. आल्या आल्या म्हणाला, "पोरं झोपलीत, आई जागी आहे, टाकीत पाणी आहे." डिस्पॅचवाला माणूस.

म्हणजे मी तुळजापूरला पोचले नाही. निम्मं जेमतेम झालं.

सासूबाई दारातच होत्या. काय बोलतील म्हणून पोटात गोळा. त्यांनी आधी पाय बघितला, मग विचारलं, "कुठपर्यंत?" तामलवाडी म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला. "बरं. पुढच्या वर्षी तामलवाडीपासून सुरू कर."

चिवडासम्राट | 7 ऑक्टोबर, रात्री 9:33

देवीचा ईएमआय!

बाळीवेसकर | 7 ऑक्टोबर, रात्री 9:50

हसू नका. माझी आई दर वर्षी हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत चालायची आणि तिथून हात जोडून परत यायची. घरात सात माणसं जेवायची असायची. तिला कुणी अर्धवट म्हटलं नाही.

पूर्वभाग | 8 ऑक्टोबर, सकाळी 11:05

मी सकाळी आठला पोचले. तुमच्या नावचं कुंकू आणलंय अक्का. पतसंस्थेत लंगडत आलेय, साहेबांनी विचारलं काय झालं, म्हटलं वसुलीला गेले होते.

डेट्रॉईटची_भाकरी | 9 ऑक्टोबर, सकाळी 5:40

त्या दिवसानंतर आईला फोन केला. तिला विचारलं, तू कधी चाललीस का गं तुळजापूरला? म्हणाली, एकदाच, तुझ्या जन्माआधी.

ज्वारी_मालदांडी | 16 ऑक्टोबर, सायंकाळी 7:30

कडबा मिळाला, चादरीही मिळाल्या. एका चादरीवरचा मोर उलटा विणलेला आहे, पोरगा म्हणतो हाच माझा. वरच्या रानात पाणी ओसरलं, तेवढ्यात मालदांडी पेरली. खालचं रान अजून चिखल.

कडाकणी | 24 ऑक्टोबर, दुपारी 3:10

दिवाळी संपली. घर शांत आहे, दोघंही झोपलीत.

फराळाचं शेवटी असं झालं: चकली विकतची (काका, माफ करा, मैदा होता), चिवडा नवऱ्याने केला, शंकरपाळी पोरांच्या पाळीतल्या चारही घरांनी एकत्र केली. करंज्या केल्याच नाहीत. सासूबाईंनी पाडव्याला हळूच विचारलं, करंज्या कुठायत? नवरा म्हणाला, यंदा सोडल्या. त्या "बरं" म्हणाल्या आणि दुपारी शेजारून चार मागून आणल्या.

पहिल्या आंघोळीचा मात्र विचका. 19 ला रात्री पाणी यायचं होतं, ते एक दिवस सरकलं. नवरा पहाटे अडीचपर्यंत नळापाशी बसून होता. चौघांत तीन बादल्या. उटणं लावलं आणि अर्ध्या अर्ध्या बादलीत उरकलं, पाचव्या माणसाने (मी) संध्याकाळी केली. शास्त्रात बसत नसेल.

किल्ला केला. गच्चीवर, कुंडीतल्या उरलेल्या मातीचा, म्हणजे घटाचीच माती ती. गडावर मोहरी पेरायची तर धाकट्याने घटातली गव्हाची रोपं खोचली. बुरशीचा कोपरा तटबंदीत गेला.

पुण्याला गेलो नाही. भाऊच आला, 22 ला रात्री, बसने, उभ्याने. ओवाळून झाल्यावर म्हणाला, तायडे, तू दरवर्षी अशीच यायचीस का गं? मी म्हटलं, एका हातात तू दिलेल्या डब्यांची पिशवी धरून.

खडूस_मास्तर | 24 ऑक्टोबर, सायंकाळी 5:00

परीक्षेचं काय झालं?

कडाकणी | 24 ऑक्टोबर, सायंकाळी 5:20

पेपर अजून मिळाले नाहीत सर. परिसर अभ्यासात "पाण्याचे स्रोत लिहा" असा प्रश्न होता म्हणे. हिने लिहिलं: नदी, विहीर, धरण, बाबा.

आणि हो, सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे म्हणे. कार्तिकीला पंढरपूर म्हणताहेत, 2 नोव्हेंबरला. चालत नाही, एसटीने, पण सगळ्यांनी.

चिवडासम्राट | 24 ऑक्टोबर, सायंकाळी 5:26

रविवार आहे. पाणी कधी आहे?

कडाकणी | 24 ऑक्टोबर, सायंकाळी 5:31

मला काय विचारताय? त्याला विचारा.